ताईच्या फोटोंतले कान

आमच्या ताईनं काढलेल्या फोटोत माणसाचे डोळे बघावेत! तिशीपासून स्टुडिओ चालवतेय ती. रुंद फिल्मचा तो वजनदार कॅमेरा पोटाशी धरायचा, वरून वाकून काचेवरचं चित्र बघायचं आणि समोरच्याच्या पापण्या स्पष्ट होईपर्यंत चाक फिरवत राहायचं. "हसू नंतर आणता येतं, डोळे आधी पकडावे लागतात," हे तिचं ठरलेलं. मी धाकटी, त्यामुळे अंधाऱ्या खोलीत फिल्म धुणं माझ्या वाट्याला.

मग फोटो पुसट यायला लागले. एक आजोबा स्वतःचा फोटो परत घेऊन आले. "हा मीच, हे घरी सांगावं लागतंय हो," म्हणाले. ताईनं पुन्हा काढून दिला. तोही तसाच.

"वय झालं तुझं," भावोजी म्हणाले.

"पण काचेत तर स्पष्ट दिसतं हो."

"नाचता येईना अंगण वाकडं!" म्हणून ते हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ताईनं ते मनाला लावून घेतलं. कॅमेरा विकायचं ठरवलं. गिऱ्हाईकही मिळालं, रविवारी येतो म्हणालं. तेव्हापासून ती ताटातलं नुसतं चिवडायची. मला बघवेना.

शनिवारी सकाळी मी शेवटची फिल्म वाळत घातली आणि भिंग लावून बघत बसले. डोळे पुसट, कान मात्र कोरल्यासारखे. पुढच्या फोटोतही कानच. त्याच्या पुढच्यातही. अगं बाई!

"ताई, इकडे ये आधी!" मी ओरडलेच. "नजर गेली असती तर चूक कधी पुढे नाकावर पडली असती, कधी मागे कानांवर. तुझी दर वेळी मागेच कशी गं पडते?"

ताई भिंगातून बघत राहिली. मग तिनं कॅमेऱ्याचा वरचा भाग उघडला, काच बाहेर काढली आणि तिच्यावर बोट फिरवलं. ज्या खरखरीत बाजूवर चित्र उमटतं ती खाली, कॅमेऱ्यातल्या आरशाकडे हवी. ती वर होती. फरक काचेच्या जाडीएवढा, पण तेवढ्यानं डोळ्यांवरचा नेम कानांवर गेला होता.

"ही कोणी काढली होती?"

भावोजींनी वर्तमानपत्र नाकापर्यंत वर घेतलं. "धूळ बसली होती गं. तुला बरं वाटावं म्हणून पुसली."

"म्हणजे अंगण वाकडंच होतं की! आणि तेही तुम्ही केलेलं!" मी त्यांना सोडणार होते होय?

ताईनं काच नीट बसवली आणि भावोजींनाच खिडकीपाशी स्टुलावर बसवलं. "हलायचं नाही. श्वाससुद्धा विचारून घ्यायचा."

फिल्म मी लगेच धुतली. ओली पट्टी दिव्यासमोर धरून ताईनं भिंग लावलं. भावोजींच्या पापण्यांचा केस न् केस वेगळा दिसत होता.

"माझे डोळे शाबूत आहेत गं," ती म्हणाली आणि तिला हुंदकाच फुटला. मी आधी पट्टी काढून घेतली, मग तिला जवळ घेतलं. मीही रडत होते.

नाक पुसत ती म्हणाली, "त्या गिऱ्हाइकाला फोन कर. उद्या येऊ दे त्याला. कॅमेरा मिळणार नाही म्हणावं, फोटो काढून देते."