कोरडा पकवान

आई गेली त्या वर्षी माझ्या ब्लाउजच्या बाह्या सैल झाल्या. ही गोष्ट माझ्याआधी माझ्या धाकट्या बहिणीच्या लक्षात आली. ती बदलापूरला राहते, मी अंबरनाथ पूर्वेला. दिवाळीच्या दिवसांत ती फराळाचे डबे घेऊन आली, ते ठेवायला तिने फ्रिज उघडला आणि वाटीत झाकून ठेवलेला वरणभात तिला दिसला.

"हा कधीचा?"

"सकाळचा," मी म्हणाले. तो आदल्या दिवशीचा होता.

"ताई, खोटं बोलताना तू कॅलेंडरकडे बघतेस. लहानपणापासून."

मग तिने खुर्ची ओढली आणि तिच्या मनात बरेच दिवस शिजत असलेला बेत माझ्यापुढे मांडला. मी माझे घर भाड्याने द्यायचे आणि तिच्याकडे राहायला जायचे. त्यासाठी तिने शिलाई मशीन हॉलमध्ये हलवून एक खोली रिकामीही केली होती. "तू एकटी नीट जेवत नाहीस, हे मला दिसतंय. गुढीपाडव्यापर्यंत बघते. तोवर अंगावर काही दिसलं तर ठीक, नाहीतर मीच टेम्पो घेऊन येईन."

माझी बहीण प्रेमळ आहे आणि ती बोलते ते करते. मला मात्र माझे घर सोडायचे नव्हते. नोकरीची सगळी वर्षे मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काढली. घरी आई आणि मी दोघीच. शेवटची सात-आठ वर्षे तर आईच्या पथ्याचा, मिठावाचूनचा मऊ स्वयंपाक हेच माझे घड्याळ होते. ती गेल्यावर ते थांबले. एका माणसापुरती फोडणी घालताना तेल तापेपर्यंत भूकच निघून जायची. तरीही ते घर, ती पुस्तकांची कपाटे आणि दुपारची ती शांतता माझी होती. बहिणीच्या घरी दिवसभर दूरदर्शन संच आणि सल्ले एकाच आवाजात चालू असतात.

तेव्हा वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी ठरवले की आपल्याला घरी शिजवणे जमत नसेल, तर बाहेर जाऊन जेवावे. ऐकायला हे सोपे वाटेल. पण त्याआधी मी एकटी कधीही हॉटेलात जाऊन बसले नव्हते.

जुन्या सवयीनुसार मी आधी एक वही केली. ग्रंथालयात नवे पुस्तक आले की त्याची नोंद करतात, तशी प्रत्येक ठिकाणाची नोंद: काय खाल्ले, चव कशी, पुन्हा जावे की नाही. वही हातात असली की आपण खायला नव्हे, काही कामासाठी आलो आहोत असे वाटत असे, आणि माझ्यासारखीला तेवढा आधार पुरतो.

सुरुवात उल्हासनगरपासून केली. इतकी वर्षे शेजारी राहूनही मी त्या गावात केवळ कापड घ्यायला गेले होते. सिंधी लोक सकाळी दाल पकवान खातात, हे ग्रंथालयातल्या एका शिपायाकडून ऐकले होते. तो त्याचे वर्णन करी तेव्हा त्याचे डोळे मिटत. एका रविवारी पूल ओलांडून पश्चिमेला गेले, शेअर रिक्षात बसले आणि विचारत विचारत तिथल्या कॅम्पातल्या, म्हणजे जुन्या सिंधी वस्तीतल्या, एका गल्लीतल्या दुकानात पोचले. दुकान म्हणजे चार बाके, दाराशी कढई आणि आत डाळीचे मोठे पातेले. पकवान म्हणजे जिरे घातलेली, तळहाताहून मोठी, कडक तळलेली मैद्याची पुरी. तिच्याबरोबर मऊ शिजलेली हरभऱ्याची डाळ, वर चिंचेची आणि हिरवी चटणी आणि कांदा.

मालक माझ्याच वयाचे, पांढऱ्या सदऱ्यातले सिंधी गृहस्थ. ते पळी घेऊन बाकांमधून फिरत होते. माझ्या ताटलीत दोन पकवान आणि चमचाभर डाळ आली. मग ते जवळ येऊन म्हणाले, "अदी, दाल खपे?" अदी म्हणजे ताई आणि खपे म्हणजे हवी का, एवढे अंबरनाथच्या माणसाला कानावर पडून ठाऊक असते.

"नको," मी म्हणाले.

"चटणी?"

"नको, नको."

ते पुढच्या बाकाकडे गेले. मी पकवान मोडला. त्याचा आवाज मला सगळ्या दुकानात ऐकू गेल्यासारखा वाटला. डाळ पहिल्या चार घासांत संपली. उरलेला पकवान मी पाण्याच्या घोटाबरोबर खाल्ला. बाहेर येऊन वहीत लिहिले: "पकवान खुसखुशीत, पण कोरडा. डाळ फार कमी देतात. या पदार्थाची इतकी ख्याती का असावी, कळत नाही."

खरे तर कुतूहल तिथेच जागे झाले. त्या दुकानातली बाकीची माणसे इतक्या समाधानाने काय खात होती? त्यांच्या बोटांना डाळ लागलेली होती. माझी बोटे कोरडी.

पुढच्या दीड महिन्यात मी बरीच हिंडले. शिवमंदिराच्या बाजूला एका ठिकाणी मिसळ खाल्ली. बदलापूरला बहिणीकडे जाताना एका पोळीभाजी केंद्रात थाळी घेतली. स्टेशनाजवळ इडली खाल्ली. चवी निरनिराळ्या होत्या, आणि प्रत्येक वेळी घरी येऊन नोंद वाचताना थोडे अपुरे वाटे. बहीण फोनवर विचारी, "आज काय खाल्लंस?" मी पदार्थाचे नाव सांगे. "पोटभर?" या प्रश्नावर मी कॅलेंडरकडे पाहत असे. सुदैवाने फोनवर ते दिसत नाही. बाह्या मात्र तशाच सैल होत्या.

अपवाद एकच निघाला. बदलापूर गावात एक आगरी बाई घराच्या पडवीतच खानावळ चालवतात. तांदळाची भाकरी, बोंबलाचे कालवण, भात. मी अर्धी भाकरी संपवली, तोच त्या दुसरी घेऊन उभ्या.

"नको," मी म्हणाले.

"अवरंसंच कनाला खातेस गो बाय?" एवढेसेच कशाला खातेस, असे म्हणत त्यांनी भाकरी ताटात टाकलीसुद्धा. मी ताटावर हात आडवा धरला, तर कालवण बोटांच्या फटीतून वाढले. "हात काढ, नायतर हातालाच खावं लागंल!" शेजारच्या ताटावरचे दोघे हसले. मी दोन भाकऱ्या आणि भात खाऊन उठले. त्या दिवशी वहीत लिहिले: "उत्तम. तृप्त." तृप्त हा शब्द त्या वहीत पहिल्यांदाच आला होता.

एका दुपारी मी ती वही पहिल्यापासून वाचायला घेतली. ग्रंथपालाला नोंदींत साम्य शोधण्याची खोड असते. दाल पकवान: डाळ कमी. मिसळ: रस्सा कमी, पाव कोरडा उरला. थाळी: भात एकदाच वाढला. इडली: सांबार पुरले नाही. अंबरनाथपासून बदलापूरपर्यंतची सगळी हॉटेले एकाच वेळी हात आखडून बसतील, हे काही संभवत नव्हते. मग प्रत्येक जागचा प्रसंग आठवून पाहिला. मिसळवाल्याने विचारले होते, "रस्सा देऊ, मावशी?" थाळीवाल्या मुलीने विचारले होते, "भात घालू?" सांबारवाला तर पातेली घेऊनच आला होता. आणि प्रत्येकाला मी तोच एक शब्द सांगितला होता.

आम्हा दोघी बहिणींना आईने लोकांकडे जेवायला नेताना एक नियम घालून दिला होता. पहिल्यांदा विचारले की "नको" म्हणायचे. दुसऱ्यांदा "पुरे" म्हणायचे. तिसऱ्यांदा विचारले तर "अर्धीच" म्हणायचे, म्हणजे अख्खी मिळते आणि हावरटही दिसत नाही. पहिल्या विचारण्याला "हो" म्हणणारी मुले आईच्या दृष्टीने वळण नसलेली. वाढणाऱ्याच्या घरीही हाच नियम ठाऊक असल्यामुळे आम्ही कधी उपाशी उठलो नाही. आग्रह करणारा आणि नाकारणारा मिळून तो खेळ पुरा करीत. खानावळीतल्या बाईंनी माझे नकार मोजले नव्हते, कारण त्या आमच्याच खेळातल्या होत्या. बाकीच्या ठिकाणी मी पहिली चाल खेळून दुसऱ्या चालीची वाट पाहत बसले होते, आणि समोर कोणी खेळतच नव्हते.

ताळा पाहायला मी पुढच्या रविवारी पुन्हा उल्हासनगरला गेले. या वेळी इतरांकडे नीट लक्ष दिले. एका म्हाताऱ्या बाईंनी तर मालक दोन हात लांब असतानाच ताटली उचलून धरली होती. एक तरुण "काका, दाल!" म्हणून ओरडला आणि कोणीही मान वळवून पाहिले नाही. मालक माझ्यापाशी आले.

"अदी, दाल खपे?"

माझ्या तोंडून "नको" निघालेच. मग मी धीर करून, माझ्या पुस्तकी हिंदीत, त्यांना विचारले की एकदा नाही म्हटल्यावर ते पुन्हा का विचारत नाहीत.

त्यांनी पळी थांबवली. "आपने ना बोला, तो मैंने ना समझा. मैं आपकी बात नहीं मानूँ क्या?" मग माझ्याकडे आणि माझ्या हातातल्या वहीकडे जरा निरखून पाहिले. "आप वही हो ना, कॉपीवाली? मेरी घरवाली बोलती थी, ये मैडम सरकारी चेकिंगवाली है, सूखा खाकर टेस्ट करती है!"

मागच्या बाकावर हशा पिकला. माझे कान तापले. त्यांनी मात्र गंभीरपणे तिसऱ्यांदा विचारल्यासारखे विचारले, "तो अब दाल खपे?"

"खपे," मी म्हणाले. गरम डाळ पकवानावर पडली, चटणी आली, कांदा आला. पकवान खालून मऊ होत जातो आणि कडेला कडक राहतो. एका घासात दोन्ही लागते. शिपायाचे डोळे का मिटत, ते मला तेव्हा कळले. पहिल्या पानावरची नोंद मी खोडली नाही. खाली फक्त लिहिले: "चूक वाचकाची."

यानंतर मी "हो" म्हणण्याचा सराव सुरू केला. ते सोपे गेले नाही. मिसळीच्या दुकानात "हो" इतके हळू निघाले की त्याला ते "नको"च वाटले. पण आठवड्याला दोन-तीन ठिकाणे होऊ लागली. फाल्गुनात मी सोमवारी मिसळ, बुधवारी इडली, रविवारी दाल पकवान अशी वेळापत्रकाची बाई झाले होते. गंमत म्हणजे बाहेर पोटभर खाऊ लागल्यावर घरीही अधूनमधून फोडणी घालावीशी वाटू लागली.

पाडव्याच्या आधीच्या रविवारी बहीण तपासणीला आली. मी म्हटले, नाश्ता बाहेर करू. ती माझ्याकडे बघतच राहिली. मी तिला कॅम्पात घेऊन गेले. ती बाकावर बसली, पदर सावरला आणि दबक्या आवाजात म्हणाली, "तू इथे एकटी येतेस?"

मालक पळी घेऊन आले. "अदी, दाल खपे?"

"नको, नको," माझी बहीण म्हणाली. जी भाजीवाल्याशी वाद घालते आणि सोसायटीच्या सभेत अध्यक्षांना गप्प बसवते, ती. ते पुढे गेले. ती त्यांच्या पाठीकडे पाहत राहिली. मग ताटलीतल्या चमचाभर डाळीकडे पाहिले.

"असं कसं गं हे? पुन्हा विचारतही नाहीत. एवढ्याशा डाळीत काय होणार?"

मला हसू आवरेना. मी मान उंच करून, दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "भाऊ, इधर दाल. दोनों को. चटणी भी."

"ताई, तू ओरडलीस?"

"इथे असंच मागतात. खा, पकवान मऊ पडेल."

ती खाऊ लागली. बोटे चाटून झाल्यावर तिने सहज म्हणून माझ्या दंडाला चिमटा घेतला, बाही किती सैल आहे ते पाहायला. चिमटीत बाही नव्हे, दंडच आला. परतताना रिक्षात म्हणाली, "पाडव्याला जेवायला ये. टेम्पो नाही आणत."

पाडव्याला मी बदलापूरला गेले. रिकाम्या केलेल्या खोलीत शिलाई मशीन परत आले होते आणि त्यावर अर्धवट शिवलेला परकर पडला होता. पानात पुरी, बटाट्याची भाजी, श्रीखंड. बहीण श्रीखंडाचे पातेले घेऊन माझ्यापाशी आली.

"वाढू?"

"हो, वाढ."

तिचा चमचा हवेतच थांबला. "अगं, एकदा तरी नको म्हण की! मी आग्रह कुणाला करू?"

तिचा चेहरा खरोखरच पडला होता. मी ताटावर हात आडवा धरला आणि म्हणाले, "नको गं, पुरे."

तिने माझा हात बाजूला सारून दोन चमचे वाढले.