विटा ते सातारा, समुद्रातून

"बघू तरी, काय म्हणतंय," असं म्हणून काकी कुठल्याही गोष्टीला हात घालायच्या. शिट्टी न होणारा कुकर असो, मुलाने पाठवलेला नवा मोबाइल असो, की गल्लीतल्या एखाद्या सुनेचा रुसवा असो. पदर खोचायचा, मान जराशी तिरकी करायची आणि आधी समोरच्याचं ऐकून घ्यायचं. कुकरचंसुद्धा. अशा बायका तुम्हीही पाहिल्या असतील. पण एक दिवस काकींनी समुद्राबद्दलही हेच म्हटलं आणि त्या वेळी मी समोर होते, म्हणून हे सांगायला बसले.

विट्यात आमची घरं समोरासमोर. मी शाळेत शिक्षिका, काकी साठी ओलांडलेल्या. त्यांचं माहेर म्हसवडच्या पलीकडचं, मेंढरं राखणाऱ्यांचं. लग्न झालं आणि त्या नवऱ्याबरोबर थेट दक्षिणेतल्या एका बंदराच्या शहरात गेल्या. विट्याची माणसं देशभर जुनं सोनं गाळून शुद्ध करायची दुकानं चालवतात, त्यातलंच एक त्यांचं. पुढे दुकान, मागे भट्टी, वर राहायची खोली. तीस वर्षं काकींनी त्या भट्टीचा पंखा हाताने फिरवला. समुद्र दुकानापासून चालत वीस मिनिटांवर होता.

"कितीदा गेलात?" मी एकदा विचारलं.

"येकदा बी न्हाई. मालक म्हणायचं, पुढच्या ऐतवारी जाऊ. आन ऐतवारीच गिऱ्हाईक लय." मग हसून म्हणाल्या, "वास यायचा की पण, वारं फिरलं म्हंजे."

मालक गेल्यावर दुकान मुलाने सांभाळलं आणि काकी विट्याच्या घरी परतल्या.

साताऱ्यातल्या एका डॉक्टरांनी जमवलेला आमचा सहा जणांचा डोंगर चढणारा गट होता. महिन्यातून एकदा मी एसटीने साताऱ्याला जायची आणि आम्ही कुठला तरी किल्ला गाठायचो. एका वर्षी डॉक्टरांनी डोंगर सोडून अंदमानचा बेत आखला. पाच दिवस, वाटाड्याबरोबर, लहानशा कयाकमधून बेटाबेटाने वल्हवत फिरायचं. एका कयाकमध्ये दोघं. निघायला तीन आठवडे उरले असताना माझी जोडीदारीण पाय मोडून घरी बसली. काकींच्या ओट्यावर मी रडगाणं गात होते आणि त्या भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या.

"म्हंजे येक जागा रिकामी हाय व्हय?"

"आहे ना."

"मग मी येती. बघू तरी, समुद्र काय म्हणतोय."

मला वाटलं, चेष्टा. पण त्यांनी टरफलं झाडून तिथूनच मुलाला फोन लावला. स्पीकरवर.

"आई, तुझं वय काय?" मुलगा ओरडला.

"तुला ठावं असाया पायजे. वाढदिसाचा फोन तूच करतूस न्हवं?"

"पोहता तरी येतं का तुला?"

"तुझ्या बापाला येत नव्हतं. मला येतं."

चाळीस वर्षांत त्या लेकाला हे कधी कळलंच नव्हतं.

अंदमानला पोचल्यावर वाटाड्याने आधी सगळ्यांची परीक्षा घ्यायची ठरवली. तो पन्नाशीकडे झुकलेला, काळासावळा, कमी बोलणारा माणूस. लाकडी धक्क्यापासून समोर तरंगणाऱ्या बोयापर्यंत पोहून या, म्हणाला. डॉक्टर पायऱ्या उतरून पाण्याला हात लावून बघत होते. मी जॅकेटचे पट्टे तिसऱ्यांदा आवळत होते. काकींनी मुलाची जुनी ट्रॅकपँट आणि वर मालकांचा लांब बाह्यांचा पांढरा सदरा घातला होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्या साडीशिवाय चारचौघांत उभ्या होत्या आणि दर दोन मिनिटांनी नसलेला पदर सारखा करत होत्या.

"हितनं उडी मारू का?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता गुडघे पोटाशी घेऊन असा मुटका मारला, की वाटाड्याचा शर्ट छातीपर्यंत भिजला. बोयाला हात लावून त्या परत आल्या तेव्हा डॉक्टर अजून तिसऱ्या पायरीवरच होते.

"माँजी, कहाँ सीखा?" वाटाड्याने विचारलं.

त्याला उत्तर द्यायला काकींचं दुकानातलं हिंदी पुरेना, म्हणून त्या मलाच म्हणाल्या, "त्येला सांग, आमच्या हिरीला पाणी चारच म्हैनं आसायचं. मग बारा म्हैन्याचं त्यातच पवून घ्यायचं."

कयाकची ओळख झाली तेव्हा काकींनी तिला चहूबाजूंनी निरखलं. पिवळी, लांबट, दोन्ही टोकांना निमुळती. "होडी कसली, शेंग हाय ही. आन आपुन दोन दाणं." तेव्हापासून आमच्यात कोणी कयाक म्हणालं नाही. वाटाड्यासुद्धा सकाळी "शेंग निकालो" म्हणायला लागला.

पहिल्याच दिवशी त्याने काकींना मागे बसवलं आणि मला पुढे. मागचा माणूस होडीला दिशा देतो, तिथे हात थकणारा नको, असं त्याचं म्हणणं. मी किल्ले चढणारी बाई, मला जरा लागलंच. पण काकींचं वल्हं एकदा सुरू झालं की त्याला ना घाई ना खंड. तीस वर्षं पंखा फिरवलेला हात तो. पहिले दोन दिवस मजेत गेले. काचेसारखं पाणी, खाली निळे मासे, तिवरांच्या बोळांतून सावलीत वल्हवणं. किनाऱ्यावर भात खाताना काकी पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढायच्या. दुसऱ्या दिवसापासून वाटाड्या मुद्दाम त्यांच्या शेजारी बसायला लागला.

तिसऱ्या दिवशी दोन बेटांमधला मोकळा समुद्र ओलांडायचा होता, तासाभराचा. निम्म्यात आलो आणि वारा उलटला. लाटा आडव्या यायला लागल्या. आमच्या डोळ्यांदेखत डॉक्टरांची शेंग कलली आणि दोघंही पाण्यात पडले. वाटाड्या त्यांच्याकडे वळला आणि आम्हाला ओरडून म्हणाला, "रुको मत! नाक सीधी रखो, टापू की तरफ चलो!"

मी वल्हं मांडीवर टाकलं, दोन्ही हातांनी होडीची कड पकडली आणि डोळे मिटले.

"मास्तरीणबाई, वल्हं का थांबलं?" मागून आवाज आला.

"काकी, मला नाही जमत. आपण बुडणार."

एक लाट अंगावरून गेली. मग काकी म्हणाल्या, "विट्यासनं सातारा गाडी सुटली. पुढचं गाव कंचं?"

"काय?"

"गाव सांग. दर म्हैन्याला जातीस न्हवं?"

"मायणी," मी रडतच म्हटलं.

"मायणी आली. मार वल्हं. डावीकडनं. आता उजवीकडनं. म्होरं?"

"वडूज."

"वडूजला चा प्यायचा का?"

"नको!"

"मंग गाडी थांबवू नगंस. मार."

पुसेगाव आलं तेव्हा माझे डोळे उघडे होते. एवढ्यात समोर एक लाट उठली, आधीच्या सगळ्यांहून उंच. "घाट आला," काकी ओरडल्या, "वर्धनगडाचा घाट! धरून बस!" शेंगेचं टोक वर गेलं, वर गेलं आणि धपकन खाली आलं. माझ्या नाकातोंडात खारं पाणी गेलं. खोकत खोकत मी स्वतःहूनच ओरडले, "कोरेगाव!"

कोरेगावला पाणी शांत झालं, कारण आम्ही बेटाच्या आडोशाला आलो होतो. थोड्या वेळाने होडीखाली वाळू करकरली.

"सातारा," काकी म्हणाल्या. "उतरा."

मी उतरले. काकी उतरल्या नाहीत. मागे वळून पाहिलं तर त्यांची बोटं वल्ह्याला आवळलेली होती आणि ती उघडत नव्हती. मी एकेक बोट सोडवलं.

"मला बी लय भ्या वाटत हुतं गं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू आदी भ्यालीस की. दोघी भ्यालो आस्तो तर शेंग कुणी न्हेली आस्ती?"

मग त्या वाळूत बसल्या आणि आलो त्या पाण्याकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या. डॉक्टरांची आणि उरलेल्या दोघांची, अशा दोन्ही शेंगा वाटाड्यामागून सुखरूप येताना दिसत होत्या. काकींनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. "ईस मिंटावर हुता गं ह्यो," त्या म्हणाल्या. "तीस वरसं."

मी शेजारी बसले. लाट येऊन आमच्या पायांवरून परत गेली.

विट्याला आल्यावर महिनाभर काकींच्या ओट्यावर बायकांची गर्दी असायची. काकी वर्णन अजिबात वाढवायच्या नाहीत. "पाणी हाय. लय हाय," एवढंच. डॉक्टर पाण्यात पडले ते मात्र साभिनय करून दाखवायच्या.

काकी गेल्या त्याला आता दोन वर्षं झाली. दुपारी जरा पडते म्हणाल्या आणि उठल्याच नाहीत. मुलगा आला, दिवस झाले, घराला कुलूप लागलं. शाळेतून येताना माझी मान अजून सवयीने तिकडे वळते.

त्या मला आठवतात त्या मात्र ओट्यावरच्या नाहीत. सहलीच्या शेवटच्या सकाळी आम्ही सामान बांधत असताना काकी वाटाड्याला खुणेने काही विचारत होत्या. त्याने त्यांना एकाच माणसाची एक छोटी होडी काढून दिली. खाडीतलं पाणी अगदी गप्प होतं. काकी एकट्याच निघाल्या. पन्नास हात गेल्या, शंभर गेल्या, मग वल्हं आडवं ठेवून थांबल्या आणि एक हात पाण्यात सोडून नुसत्या बसून राहिल्या. पांढरा सदरा, त्यावर नारिंगी जॅकेट, आमच्याकडे पाठ.

बोटीची वेळ होत आली होती. वाटाड्याने शिट्टी ओठांपर्यंत नेली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी मानेनेच नको म्हटलं.