आईच्या अंगात आलं तेव्हा

छत्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा दिवस गेले आणि माझ्या जिवाला स्वस्थता म्हणून उरली नाही. चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढते. चौथ्या महिन्यात निगडीच्या डॉक्टरीणबाई माझ्या काढू लागल्या. पस्तिशी उलटलेली, पहिलीच खेप, वजन जास्त. अशांचं बीपी वाढायची शक्यता जास्त म्हणे. साखर आहे? किडनीचं काही? नाही. "आईला गरोदरपणात बीपी होतं?" मुळीच नाही, मी ठणकावून सांगितलं. "तरी विचारून घ्या," त्या म्हणाल्या, आणि माझ्यामागे भुंगा लागला.

बीपीचं मशीन आणलं. चहाला उकळी येईपर्यंत दोनदा मोजायचे. "अगं, त्या मशीनलाच बीपी होईल," नवरा म्हणाला. मी त्याच्यावर खेकसले.

राजगुरुनगरकडच्या गावाहून आई आली. ती पाणी पिते न पिते तोच मी विचारलं.

"आमच्या टायमाला कुठलं आलंय बीपी?"

पण मला दम कुठला? डोकं दुखायचं का? पाय सुजायचे?

"तुझ्या येळंला न्हाई. पयल्या येळंला."

माझ्याआधीचा मुलगा जन्मताच गेला, एवढंच मला ठाऊक होतं.

"डोकं लई दुखायचं. डोळ्यापुढं अंधारी. आन एक दिस अंगात आलं. दातखिळी बसली, हातपाय झाडाया लागले. बायांनी मळवट भरला, वटी भरली. सुद आली तर पोरगं गेल्यालं."

दर चैत्रात आमच्या घरून देवीला साडी जाते ती त्यापायी, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्याच दिवशी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "ते बीपीचे झटके होते, आई," त्या म्हणाल्या. आईला झालेलं असलं की मुलीलाही धोका वाढतो, म्हणून मला रोजची एक गोळी सुरू केली आणि तपासणीला लवकर लवकर यायला सांगितलं. मी घाबरले होते, पण निदान कशाला घाबरायचं ते तरी कळलं होतं.

बाहेर चपला घालता घालता आई थांबली.

"म्हंजी देवी न्हवती?"

"नव्हती."

"मंग तवा दवाखान्यात नेलं असतं, तर पोरगं वाचलं असतं?"

मी वाकून तिची दुसरी चप्पल पुढे सरकवली.

"दर साली मी तिला साडी नेसवली," आई म्हणाली.