जुसबच्या नावावर गेलेला नाईक

चोवीस वर्षांची सर्व्हिस करून मी हवालदार म्हणून पलटणीतून बाहेर पडलो आणि २००७ साली दुबईला आलो. ड्यूटी होती खाडीवरच्या धक्क्यावर, गेट नंबर एक. कच्छहून, इराणहून येणारी लाकडी गलबतं तिथे लागायची. शीड नावालाच, खरं काम इंजिनचं. राहायला अल कुसैसमध्ये कंपनीची खोली, सहा बंक. ०५१५ला बस, ०६००ला गेटवर रिपोर्ट. हातात वॉकीटॉकी आणि क्लिपबोर्ड. रायफल नाही, बाकी सगळं फौजेसारखंच, म्हणून मला ते आवडायचं.

धक्क्यावर एक जुना नियम होता. गलबत येताना जितकी माणसं उतरली, तितकीच जाताना चढली पाहिजेत. खलाशांना पासपोर्टवर शिक्का नसायचा. नुसता शोअर पास मिळायचा. जाताना पास गेटवर जमा, डेकवर नावं पुकारायची, डोकी मोजायची, यादीखाली गार्डची सही. एक डोकं जरी कमी भरलं, तर गलबत अडकलंच म्हणून समजा. आमचे सुपरवायझर रिटायर्ड सुभेदार होते, पंजाबकडचे. ते सांगायचे, "जगताप, ये अंग्रेज के टाइम का कायदा है. नाखुदा लोग आदमी को माल बना के बेच देते थे. इसलिए गिनती." गलबताच्या कप्तानाला नाखुदा म्हणतात. पुढे राज्य बदललं, फॉर्म बदलला, मोजणी तीच राहिली. पलटणीत रोज संध्याकाळी गिनती देऊन देऊन माझं आयुष्य गेलेलं. हे काम माझ्याइतकं चोख कुणी करत नाही, अशी माझी घमेंड होती.

अल कुसैसच्या खोलीत माझ्या वरच्या बंकवर २००९च्या जानेवारीपासून नाईक दत्ताराम धुरी झोपत होता. कुडाळकडचा, पलटणीत माझ्याच सेक्शनमधला. बर्फातल्या पोस्टवर असताना एकदा पेट्रोलिंगला मी वाट चुकलो. समोरचं काही दिसत नव्हतं. दत्ता कमरेला दोर बांधून मागे आला आणि मला घेऊन गेला. त्या दिवशी त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली. नंतर मी कधी आभाराचं बोललो, तर म्हणायचा, "गप ऱ्हवा. बुटात कोण बघता?"

त्याआधी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये एका साइटवर तो वॉचमन होता. मंदी आली तशी साइट एका आठवड्यात बंद पडली. मालक देश सोडून गेला आणि दत्ताचा पासपोर्ट त्याच्या ऑफिसच्या तिजोरीत राहिला. वर, हा माणूस पळून गेला, अशी तक्रार जायच्या आधी करून गेलेला. दत्ता कचेऱ्यांचे हेलपाटे घालत होता. सगळीकडे एकच उत्तर, थांबा. तो थांबलाही असता. तक्रार करणं त्याच्या स्वभावात नव्हतं. मलाच ते बघवेना.

मे महिन्याच्या शेवटी मांडवीचं एक गलबत धक्क्यावर लागलं. नाखुदा कासमभाई, त्याला धरून अकरा माणसं. पावसाळ्याआधीची ती शेवटची खेप. त्यानंतर सप्टेंबरपर्यंत कच्छकडे कोणी जात नाही. माल भरताना जुसब नावाच्या खलाशाच्या पायावर लोखंडी पाइप पडले आणि नडगी मोडली. कासमभाईनं ते कुणाला कळवलं नाही. कळवलं असतं तर चौकशी लागली असती, गलबत हंगामभर अडकलं असतं. त्यानं जुसबला खाजगी दवाखान्यात प्लास्टर घालून आणलं आणि माझ्याकडे आला.

"हवालदार साब, एक आदमी कम पड़ता है. गिनती में आप ही हो. कुछ करो."

त्याला एक डोकं हवं होतं आणि दत्ताला एक गलबत. ही जोडणी माझ्या डोक्यातून निघाली, दुसऱ्या कुणाच्या नाही. जुसबच्या खलाशी-ओळखपुस्तकातला फोटो जुना, दाढीवाला, खाऱ्या पाण्यानं पुसट झालेला. दत्तानं आठ दिवस दाढी केली नाही की काम झालं. जुसबनं आमच्या खोलीत दत्ताच्या जागी पडून राहायचं, पाय बरा झाला की सप्टेंबरच्या गलबतानं जायचं. मांडवीला उतरल्यावर दत्ताचं पुढचं कासमभाई बघणार होता.

दत्ताला सांगितलं. तो म्हणाला, "ह्यां माका बरां दिसणा नाय, हवालदार. दुसऱ्याच्या नावार जावचा?"

"नावाचं काय घेऊन बसलास? तिथं डोकी मोजतात."

"आणि वाटेत काय झाला तर?"

मी चिडलो. "ऑर्डर समज," म्हणालो. वीस वर्षांपूर्वी तो माझी ऑर्डर ऐकायचा. त्या दिवशीही ऐकली.

निघायच्या दिवशी १०३०ला मी क्लिपबोर्ड घेऊन डेकवर चढलो. माल म्हणजे खजुराच्या पेट्या आणि बंद साइटांचं भंगार. त्यातले पिवळे पाइप दत्तानं ओळखले, त्याच्याच साइटचे होते. "माझ्याबरोबर हे पण घराक चालले," म्हणाला आणि हसला. मी नावं पुकारली. सातवं नाव जुसबचं. दत्ता ताठ उभा राहून म्हणाला, "हाजिर." मी टिक केली आणि खाली सही ठोकली.

"कंट्रोल, गेट वन. क्रू इलेव्हन, काउंट ओके. ओव्हर."

"गेट वन, कंट्रोल. रॉजर. यल्ला, जाने दो."

गलबत १११०ला सुटलं. दत्तानं हात हलवला नाही. पेट्यांच्या आड उभा राहून त्यानं मला सॅल्यूट केला. मी केला नाही, कारण लोक बघत होते.

तिसऱ्या दिवशी होर्मुझ ओलांडून खाली येताना समुद्र खवळला. भंगार एका बाजूला सरकलं आणि गलबत कलंडलं. दहा माणसांना एका तेलाच्या बोटीनं उचललं आणि फुजैराला उतरवलं. अकरावा त्या वेळी खाली होता. पाणी उपसायच्या पंपाची पाळी त्याची होती.

चार दिवसांनी फुजैराच्या किनाऱ्याला प्रेत लागलं. यादीखाली सही माझी, म्हणून ओळख पटवायला मलाच बोलावलं. सुभेदारसाहेबांनी गाडी दिली. ०९४५ला मी शवागारात पोचलो. कासमभाई आधीच तिथे होता. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

चेहऱ्यावरून कुणालाच ओळखता आलं नसतं. मी पाय बघितला. डाव्या पायाला तीन बोटं.

पोलीस अधिकारी तरुण होता, सभ्य होता. त्यानं यादी पुढे केली, जुसबच्या नावावर बोट ठेवलं आणि मोडक्या हिंदीत विचारलं, "हबीबी, ये आदमी? सेम सेम?"

मी नाही म्हणालो असतो, तर कासमभाई आत गेला असता, मी आत गेलो असतो. हा हिशोब मी दत्ताच्या प्रेतासमोर उभ्या उभ्या केला. शत्रूसमोर मी कधी मागे सरलो नाही, हे सर्टिफिकेटवर लिहिलेलं आहे. तिथे मी म्हणालो, "येस सर. सेम."

त्या दिवशी दुपारी जुसब म्हणून त्याला मुसलमानांच्या कबरस्तानात दफन केलं. नमाज कासमभाईच्या माणसांनी पढली. मी मागे उभा होतो. मला रडूसुद्धा आलं नाही, इतका मी घाबरलेलो होतो.

खोलीवर आलो तर जुसब दत्ताच्या बंकवर बसलेला, पाय प्लास्टरमध्ये. त्याच्या घरी कासमभाईनं फोन करून सांगितलं होतं की जुसब जिवंत आहे, पण गप्प राहा. दत्ताच्या घरी कुणी फोन केला नव्हता. ते काम माझं होतं. रोज ड्यूटीवरून आलो की मी फोन हातात घ्यायचो आणि परत खिशात टाकायचो. दत्ताच्या बायकोचा, सुलभावहिनींचा मिस्ड कॉल यायचा, तो मी उचलत नव्हतो.

जुसबला लिहिता-वाचता येत नव्हतं. पंचविशीतला पोरगा. एकदा जेवताना तो म्हणाला, "साब, वो वहाँ मेरे नाम से पड़ा है. उसकी बीवी राह देखती होगी ना?"

मी म्हणालो, "खाना खा."

दफनानंतर एकोणिसाव्या दिवशी १०००च्या सुमारास वॉकीटॉकी वाजला.

"गेट वन, कंट्रोल. एक लंगड़ा लड़का पुलिस चौकी में बैठा है. बोलता है, मैं जुसब हूँ, मैं मरा नहीं. और किसी का नाम नहीं बताता. लिस्ट पर साइन तुम्हारा है. कुछ मालूम है? ओव्हर."

तो टॅक्सी करून, कुबडीवर, एकटा गेला होता. खोली कुठली, आसरा कुणी दिला, काहीही सांगत नव्हता. मी कंट्रोलला म्हणालो, "मालूम है. रिलीव्हर भेजिए." गळ्यातलं आयकार्ड काढून टेबलावर ठेवलं आणि चालत चौकीवर गेलो. जे एकोणीस दिवसांपूर्वी सांगायचं होतं ते सांगितलं. मी धाडस केलं असं कुणी म्हणू नये. एका पोरानं मला लाजवलं, म्हणून मी गेलो.

मला चार महिने कैद झाली आणि परत तिथे पाय ठेवायची कायमची बंदी. कासमभाईलाही शिक्षा झाली. जुसब आपणहून आला म्हणून त्याला सोडलं. शवागारात घेतलेल्या बोटांच्या ठशांवरून दत्ताचे कागद दुरुस्त झाले. कबर उघडायची परवानगी काही मिळाली नाही.

सुटल्यावर मी साताऱ्याला घरी न जाता आधी कुडाळला गेलो. सुलभावहिनींनी पाणी दिलं. मी काहीही न वगळता सगळं सांगितलं, "ऑर्डर समज" म्हणालो तेही.  शेवटी त्यांनी विचारलं, "भावजी, तुमी त्येंका वळाखलात नाय?"

"ओळखलं होतं, वहिनी."

त्या उठून आत गेल्या. मी ओटीवर बसून राहिलो. बऱ्याच वेळानं त्यांच्या मुलानं येऊन सांगितलं, "आई म्हणता, जेवान जावा." मी जेवलो. आजपर्यंत त्या घरानं मला एक शब्दही वाईट बोललेला नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या वर्षी जुसब दुसऱ्या गलबतावर लागला. मी वर्षश्राद्धाला कुडाळला होतो, तेव्हा त्याचा मला फोन आला. फुजैराच्या कबरस्तानातून बोलत होता. म्हणाला, गलबत इकडे लागलं की मी इथं येतो, पण कबरीवर नाव नसतं, नुसता नंबर असतो. दुआ मागताना नाव घ्यावं लागतं, आणि मला तर दत्ताभाई एवढंच माहीत आहे. "साब, घर में से कोई पूरा नाम बोल दो."

फोन स्पीकरवर होता. मी सांगणार होतो. सुलभावहिनींनी हात पुढे केला आणि फोन घेतला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. उखाणा सोडला, तर नवऱ्याचं नाव त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेलं नव्हतं. घरात बोलतानाही "आमचे हे"च.

त्यांनी डोक्यावरून पदर घेतला. "दत्ताराम," त्या म्हणाल्या. "दत्ताराम भिकाजी धुरी."

पलीकडे वारा होता, जुसबला नीट ऐकू आलं नाही. "क्या बहन? फिर से बोलो."

वहिनींनी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं.