लिंबाखालची मॅग्नेशियमची पट्टी

नव्वदच्या दशकात मी बेंगळुरूला एका प्रयोगशाळेत तात्पुरत्या नोकरीवर होतो. काम एकच, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूला गंजू न देणे. हा धातू पिसासारखा हलका, पण खारं किंवा आंबट पाणी दिसलं की लगेच विरघळायला तयार! म्हणून आम्ही त्याच्यावर आधी चिनी मातीसारखा कडक थर चढवायचो आणि त्या थराची छिद्रं बारीक पूड मिसळलेल्या राळेने बुजवायचो. मिठाच्या फवाऱ्यात आमचा हा लेप दोनदा नापास झाला होता. तिसऱ्यांदा झाला असता तर काम बंद, आणि मीही घरी.

तिसऱ्या खेपेच्या तीन पट्ट्या तयार झाल्या आणि नेमकी आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी, आली. आमचे तंत्रज्ञ अण्णा बेळगावकडचे. कुंकवात बुडवलेलं अर्धं लिंबू प्रत्येक यंत्रावर ठेवायचा मान त्यांचा. मी पट्ट्यांचं तबक पुढे केलं.

"अण्णा, यांनाही आशीर्वाद द्या."

"देतो की! स्वल्प सरका."

आणि त्यांनी चारही पट्ट्यांवर लिंबं पालथी घातली. हो, चार. तुलनेसाठी एक बिनलेपाची पट्टी मीच त्यात ठेवली होती आणि भक्तीच्या भरात साफ विसरलो होतो.

फस्सऽऽ! एका लिंबाखालून फेस उसळला. आरती थांबली.

प्रयोगशाळेचे मोठे साहेब म्हणाले, "गेला तुमचा लेप."

"सर, ती उघडी पट्टी आहे!" मी किंचाळलो आणि उरलेली लिंबं जादूगारासारखी एकेक उचलली. खाली लाल ठसे, बाकी पट्ट्या गुळगुळीत.

अण्णांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी नाही.

"लिंबाचं प्रमाणपत्र चालत नाही. याच पट्ट्या धुऊन फवाऱ्यात घाला."

पुढचे सात दिवस मी त्या फवाऱ्याच्या पेटीभोवती नवस बोललेल्या माणसासारखा घिरट्या घालत होतो. अण्णा हसायचे, "प्रदक्षिणा पुरे, जेवून घ्या."

आठव्या दिवशी साहेबांनी भिंग लावून तिन्ही पट्ट्या पाहिल्या. उलट्या केल्या, पुन्हा पाहिल्या. गंजाचा एकही पांढरा डाग नाही.

"सरी," ते म्हणाले, म्हणजे कानडीत 'ठीक'. "काम चालू ठेवा. तुम्हीही थांबा."

मी अण्णांना कंबरेला धरून उचललंच. ते वरून ओरडत होते, "अहो, माझी पाठ! तिच्यावर लेप नाही!"