लाकडी बैलाला आवतन

हवी असलेली वस्तू कधी मागायची नाही, हा आंजी मोठी या गावातल्या भैय्याजी चक्कीवाल्यांचा नियम होता. जी नको आहे तीच मागायची, आणि तीही डोळ्यांत पाणी येईल इतक्या ओढीने.

सकाळी चक्की चालवायची आणि दुपारी दळण संपलं की स्कूटी काढून गावं फिरायची, असा त्यांचा दिवस. निघताना ते हात धूत, पण कान धुवायचे राहत. त्यामुळे लांबून कुणी म्हातारा येतोय असं वाटे आणि जवळ आल्यावर पन्नाशीतला, मिशीवाला, कानांवर पीठ असलेला माणूस दिसे. अशा माणसाचा संशय येत नाही. कुठल्याही घरात शिरून ते पाणी मागत, पाणी पिता पिता घर बघून घेत, आणि कोनाड्यातला पितळी अडकित्ता किंवा दारावरचं जुनं कुलूप नजरेत भरलं की तिकडे पाठ करून बसत.

"हा कंदील द्याल का?" ते विचारत. कंदिलाला काच नसे, वात नसे, बहुतेक वेळा बूडही नसे.

घासाघीस ते कधी करत नसत. कंदील काखेत मारून दारापर्यंत जात आणि तिथे सहज आठवल्यासारखं वळत. "तो अडकित्ता पडलाच आहे तर तोही टाका त्याच्यात." समोरचा जी किंमत सांगेल तिच्यावर ते दहा रुपये जास्त ठेवत. हे वरचे दहा म्हणजे भैय्याजींची नीतिमत्ता. आपण खोटं बोलत नाही, कुणाला लुबाडत नाही, उलट वर दहा देतो, असं ते स्वतःला सांगत. वस्तूची खरी किंमत सांगायची राहून जाते, एवढंच. पण दळणातही थोडं पीठ दगडात राहतंच. त्याला घट म्हणतात, चोरी कुणी म्हणत नाही.

या पद्धतीचा एक परिणाम त्यांनी धरला नव्हता. समोरच्या खोलीत काचेच्या कपाटात अडकित्ते, कुलपं, दगडी दिवे आणि गंजिफाचे चार पत्ते होते. मागच्या टिनाच्या शेडमध्ये मात्र कंदील, बूड गेलेल्या बादल्या, दांडा नसलेल्या छत्र्या आणि एका कानाच्या कढया यांचा डोंगर झाला होता, आणि तो कपाटापेक्षा जोरात वाढत होता. नवीन काही घरात आलं की त्यांची बायको उज्वला कमरेवर हात ठेवून एकच विचारी.

"हे कोणतं? अकलेचं का लबाडीचं?"

अकलेचं असलं तर कपाटात, लबाडीचं असलं तर शेडमध्ये.

श्रावण संपता संपता ते हिंगणीला गेले. जंगलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर धुरपताबाईंचं शेवटचं घर. पडवीत एक बैल उभा होता. लाकडी, गुडघ्याएवढा, सागवानाचा, खाली चार चाकं. एका शिंगाच्या टोकाला पितळेची शेंबी, दुसऱ्या शिंगावर लसणाची जुडी टांगलेली, डावा कान तुटका. मानेखाली लोंबणाऱ्या कातडीच्या वळ्या अशा कोरल्या होत्या की कोरणारा बैलाशेजारी झोपत असावा. आणि डोळा तर असा, की त्याच्याकडे पाहिल्यावर आपणच लाकडाचे आहोत असं वाटावं.

भैय्याजींनी बैलाकडे पाठ केली.

"मावशी, ती चाळणी द्याल का?"

"हे?" धुरपताबाईंनी चाळणी उजेडात धरली. "याच्यातून मुंगीबी पडते अन् म्हैसबी पडते."

"मले तशीच पाहिजे होती."

बाईंनी त्यांच्या पिठाळ कानांकडे दयेने पाहिलं आणि चाळणी दिली. भैय्याजी दारापर्यंत गेले आणि वळले.

"आणि हा बैल... इथी पडूनच आहे, तर..."

"पडून नाई बापा, उभा हाय."

"हो, उभा आहे. उभाच आहे तर..."

धुरपताबाईंनी बैलाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "माह्या सासऱ्यानं केला. पोरं होती तवा तान्ह्या पोळ्याले सारं गाव फिरवत. आता पोरं पुण्याले. नातू फोनवर पाह्यते अन् काहीतरी इंग्रजीत म्हणते. बैल दारोदार नाई गेला त खुंटते बापा. नेता का तुम्ही?"

"नेतो. किती देऊ?"

"काह्याचे?"

"बैलाचे."

"घरच्या बैलाचे पैसे घेऊ? न्या असाच."

भैय्याजी घाबरले. आयुष्यात असं झालं नव्हतं. त्यांची सगळी नीतिमत्ता कुठल्या तरी किमतीवर उभी राहणारी होती, आणि इथे किंमतच नव्हती.

"मावशी, काही तरी सांगा. पाच रुपये म्हणा."

"नाई म्हणत."

"मग दहा तरी घ्या."

"हे काह्याचे?"

"वरचे."

"कशाच्या वरचे?"

दहाची नोट भैय्याजींच्या हातात तशीच राहिली. धुरपताबाईंनी शिंगावरचा लसूण उतरवला, बैलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "एकच करजो. मी आवतन देल्लं का याले जेवाले आणजो."

"आणतो ना," भैय्याजी म्हणाले. म्हाताऱ्या माणसांना आपण जसं म्हणतो तसं.

घरी उज्वलाने कमरेवर हात ठेवले. "अकलेचं का लबाडीचं?"

भैय्याजी बैल घेऊन आधी कपाटाकडे गेले, मग शेडकडे. बैल कपाटात मावत नव्हता, आणि शेडमध्ये ठेवायला त्यांचं मन होईना. शेवटी तो जेवायच्या खोलीत उभा राहिला.

दोन-चार दिवसांनी त्यांचा मित्र धम्मदीप वर्ध्याहून आला. शाळेत चित्रकला शिकवायचा, नाणी जमवायचा, आणि भैय्याजींशी लहानपणापासून भांडायचा. बैलाची हकिकत ऐकत त्याने बैलाभोवती चक्कर मारली, उकिडवा बसला, पोटाखालून पाहिलं.

"अबे, नागपूरच्या त्या दुकानात याच्याहून साधा होता. लाखाच्या वर गेला. मी फोटो काढलाय." त्याने तो तिथल्या तिथे भैय्याजींच्या फोनवर पाठवला. "बुढीले सांगतलं का?"

"तिनं विचारलं नाई."

"काय विचारावं तिनं? 'मले काही कळत नाई, हे बरोबर आहे का' असं?"

"मी खोटं बोललो नाई धम्मदीप."

"तू बोललाच नाई. गप्प बसाचं बक्षीस घेऊन आला."

धम्मदीप चहा पिऊन गेला, पण ते वाक्य राहिलं. त्या दिवसापासून भैय्याजींना जेवण जाईना. बैल समोर उभा राहून त्यांचा घास पाहायचा. त्यांनी त्याचं तोंड भिंतीकडे केलं. मग त्याची पाठ पाहू लागली. वर टॉवेल टाकला, तर टॉवेलखाली कुणीतरी श्वास धरून उभं आहे असं वाटायचं. चक्कीवर बसले की पट्ट्याच्या आवाजात एकच ऐकू यायचं, कशाच्या वरचे, कशाच्या वरचे. उज्वलाने टॉवेल काढून घेतला. तिला तो धुवायचा होता.

पोळ्याच्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला. बोलणारी होती नंदिनी, धुरपताबाईंच्या शेजाऱ्यांची सून.

"काका, आजीले बोलायचं आहे."

"दे."

"तुमच्याशी नाई. बैलाशी."

भैय्याजींनी फोन बैलाच्या तोंडासमोर धरला.

"तोंडाले काय धरता? कानाले धरा," उज्वला ओरडली. "उजव्या! डावा तुटका आहे ना!"

त्यांनी उजव्या कानाला लावला. खऱ्या बैलांना शेतकरी पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांद्याला तूप-हळद लावून, उद्याच्या जेवणाचं आवतन, म्हणजे आमंत्रण देतात. लाकडी बैलाचा मान पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पोरांच्या तान्ह्या पोळ्याला, म्हणून त्याचं आमंत्रण एक दिवस मागून. फोनमधून धुरपताबाईंचा आवाज आला, सावकाश आणि अदबीने. "आज आवतन घे राजा, उद्या जेवाले ये."

"आयकलं का त्यानं?" धुरपताबाईंनी विचारलं.

"आयकलं मावशी."

"काय म्हणते?"

भैय्याजींनी बैलाकडे पाहिलं. पन्नास वर्षांत त्यांनी न बोलून पुष्कळ काही केलं होतं. पण दुसऱ्याच्या वतीने बोलायची वेळ आली नव्हती.

"येतो म्हणते," ते म्हणाले.

"मीबी येते म्हणा," उज्वला म्हणाली, आणि वाटीत तूप-हळद कालवून बैलाच्या खांद्याला लावायला बसली.

त्या रात्री भैय्याजींनी ठरवलं की सांगायचं. बैल गेला तर जाऊ द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटीवर पुढे बैल, मध्ये भैय्याजी, मागे उज्वला, असे तिघं हिंगणीला पोचले. "मावशी, एक बोलायचं होतं," भैय्याजींनी उतरल्या उतरल्या सुरुवात केली. धुरपताबाईंनी त्यांच्या हातात बैलाची दोरी दिली.

"आधी फिरवून आणा. जेवण मंग, बोलणं त्याच्या मंग."

"मी फिरवू?"

"मंग का मी? बोजारा घ्याले लाजायचं नाई हं. दारी आलेल्या बैलाले लोकं पैसे देतेच. हा घ्या, माह्या दारचा."

चौकात पोरांची रांग लागली होती. प्रत्येकाच्या हातात दोरी, दोरीला बैल. सगळ्यांत शेवटी भैय्याजी. पुढच्या पोराने वळून त्यांना खालून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "काका, तुमची मम्मी नाई आली का?"

पहिलं दार नानाजींचं. भैय्याजींचं पाऊल अडलं. याच घरातून त्यांनी कंदील नेला होता, आणि कंदिलासोबत तो अडकित्ता, मोरासारखा, कपाटातला सगळ्यांत देखणा. नानाजींनी बैलाला कुंकू लावलं, भैय्याजींच्या हातात वीसची नोट ठेवली, मग त्यांना बाजूला घेतलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"भैय्याजी, त्या कंदिलाचं माह्या मनाले लागून राह्यलं."

"कंदिलाचं?"

"गळत होता तो. बूड नव्हतं त्याले. तुम्ही एवढ्या खुशीत नेला का मले बोलता आलंच नाई. बायको म्हणे, त्या भोळ्या माणसाले बुडवलं तुम्ही."

"पण तो अडकित्ता..."

"अडकित्ता त फुकटच होता! तो धरूनबी कंदील महाग पडला तुमाले. वरून दहा जास्त देऊन गेले. ते दहा त मले अजून टोचून राह्यले."

पुढच्या दारी बूड गेलेल्या बादलीवाल्या बाई होत्या. त्यांनी तीस दिले आणि नजर चुकवली. त्यापुढच्या घरात त्यांना छत्री विकलेल्या मधुकररावांनी पन्नास दिले, आणि छत्रीच्या दांड्याबद्दल माफी मागून दांडाही आणून दिला. तो त्यांनी इतकी वर्षं जपून ठेवला होता. दारामागून दार, सगळ्यांचे चेहरे तसेच. हिंगणीत भैय्याजींचं एक वेगळंच नाव झालेलं होतं. ज्याला कशाचीच किंमत कळत नाही आणि ज्याला फसवलं की फसवणाऱ्याला झोप लागत नाही, असा माणूस. भैय्याजींना आजवर वाटत होतं की या गावाचं काही तरी आपल्या दगडात राहिलंय. आता कळलं की भैय्याजींचं काही तरी आपल्या दगडात राहिलंय, असं गावही म्हणत होतं.

बोजाऱ्याने खिसा फुगवून, काखेत छत्रीचा दांडा घेऊन ते परत आले. पडवीत तीन पाट होते. मधल्या पाटावर बैल, त्याच्यासमोर पळसाच्या पानांची पत्रावळ, तिच्यावर पुरणाची पोळी, वडे, कढी. धुरपताबाईंनी पहिला घास बैलाच्या तोंडाला लावला. भैय्याजींनी आपल्या पानाला हातही लावला नव्हता.

"मावशी, हा बैल लाखाचा आहे. मले पाह्यता क्षणीच समजलं होतं. मी चाळणी मागितली ती यासाठीच. मी सांगायला पाहिजे होतं, सांगतलं नाई."

धुरपताबाई उज्वलाकडे वळल्या. "घरीबी असेच बोलतात का?"

"नाई हो मावशी. आज पह्यल्यांदा खरं बोलून राह्यले."

भैय्याजींनी धम्मदीपने पाठवलेला फोटो दाखवला. बाईंनी फोन दूर धरून, जवळ धरून पाहिला. "याचे त पाय वाकडे हाय."

"वाकड्या पायाचा एवढ्याले गेला. मग आपला पाहा!"

"कोण घेतला?"

"असतात शहरात घेणारे."

"म्हणजे त्याले माहीत नाई, लाकडाचा बैल केवढ्याचा असते ते?"

"मावशी, तसं नाई..."

"मंग कसं? त्याले समजत नाई म्हणून त्याच्याकडून लाख घ्याचे? नानाजीचं पाह्यलं ना? एका कंदिलापायी झुरून अर्धा झाला. अन् तुम्ही मले लाखाचं झुरणं लावता का? या वयात?"

भैय्याजींनी फोन खिशात टाकला.

"बरं, मग बैल तुमच्याकडेच ठेवा," ते म्हणाले. "माह्याच्यानं असा नेववत नाई."

"अन् फिरवन कोण? माहे गुडघे पाह्यले का? आज किती दारं केली यानं?"

"सारं गाव."

"मंग झालं तर." धुरपताबाईंनी त्यांच्या पानात तूप वाढलं, ते पोळीवरून ओघळलं तरी वाढत राहिल्या. "माहीत आहे मले, तुमाले आवडला तो. पाठ करून बसले होते तवाच समजलं. मुलगी पाह्याले आलेलं पोरगं असंच बसते. जेवा आता. बैलाचं पान संपत आलं."

बैलाच्या पानावर खरंच अर्धीच पोळी उरली होती. उरलेली अर्धी उज्वलाच्या तोंडात होती.

निघताना भैय्याजींनी बैल स्कूटीवर पुढे उभा केला, तोंड रस्त्याकडे. त्याचं पोट हाताला गरम लागलं. ऊन पडलं होतं म्हणूनही असेल. धुरपताबाई पडवीतून उतरून आल्या. त्यांनी पदराची गाठ सोडली, दहाची नोट काढली आणि भैय्याजींच्या मुठीत कोंबली.

"मावशी, तुमच्या दारचा बोजारा त सकाळीच देल्ला तुम्ही."

"हाव, देल्ला."

"मग हे काह्याचे?"

"वरचे," धुरपताबाई म्हणाल्या.