राहवलं नाही म्हणून अकोल्याचा झालो

अख्ख्या अमरावतीला मुहूर्त काढून देणाऱ्या माझ्या वडिलांनी माझ्या प्रवासाचा मुहूर्त काढायला साफ नकार दिला. नानांना विचारल्याशिवाय आमच्या गल्लीत कुणी विहिरीला पहिली कुदळ मारत नसे. पण मी अकोल्याला निघालो त्या सकाळी ते पंचांग मिटून बसले. "ज्याले जायचंच आहे, त्याले कोणताई दिवस चालते," एवढंच म्हणाले. बडनेऱ्यापर्यंत आई आली, थोरल्या भावाला सोबत घेऊन. गाडी हलली तेव्हा तिनं खिडकीतून माझा हात धरला. "हंगाम सरला का घरी ये बापू. तोवर त्यायले मी समजावते," ती म्हणाली. मी मान हलवली आणि मूर्तिजापूर येईपर्यंत रडलो.

तुमच्यापैकी जे नागपूरला कचेरीत लागले, मुंबईला गिरण्यांत गेले, ते हसतील. बडनेरा ते अकोला, एवढ्याशा वाटेचं काय कौतुक? पण भिक्षुकाच्या घरातून उठून कापसाच्या बाजारात शिरणं म्हणजे काय, ते आमच्या गल्लीला विचारा. मला मंत्र येत नव्हते असं नाही. सगळे येत होते, फक्त एकातही जीव रमत नव्हता. सत्यनारायणाच्या कथेत यजमानाच्या आधी मला जांभई यायची. नाना रागावत नसत, तेच जास्त लागायचं. "तुले गोडी कशाची आहे, ते तरी सांग," असं ते विचारायचे. लहानपणी बायकांच्या घोळक्यात बसून देवाची गेजवस्त्रं करताना कापूस हातातून सोडवत नसे, हे काय उत्तर म्हणून सांगायचं?

शेवटी नानांनी अट घातली. एक हंगाम अकोल्यात काढायचा. तिथं पाय रोवले तर ठीक, नाही तर मुकाट्यानं परत येऊन निम्मे यजमान सांभाळायचे, पुन्हा विषय काढायचा नाही. सगळं आयुष्य त्या एका हंगामावर टांगलं होतं.

जुन्या शहरात एका नातलगाच्या ओसरीवर पथारी टाकली. सकाळी मोर्णा नदी ओलांडून बाजारात जायचं, एका दलालाच्या मागं उभं राहून टिपणं लिहायची. घरी दर्भ, समिधा, पळी-पंचपात्र हे शब्द कानावर पडायचे. इथं जीन, प्रेस, गाठ, सरकी, सॅम्पल. लिहिण्याचं काम जांभईचंच होतं, पण समोर गाड्यांच्या रांगा आणि त्यांत पांढरा कापूस. मी येता-जाता हात घालायचो.

तिथल्या सौद्याची एक रीत होती. दलाल आणि शेतकरी रुमालाखाली हात घालत आणि एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत. तोंडातून अवाक्षर नाही, आणि भोवतीच्यांनीही मुकं राहायचं. आम्ही पडलो आशीर्वाद देणारे लोक. चांगलं दिसलं की मोठ्यानं चांगलं म्हणायचं, हे आमच्या हाडात मुरलेलं. एके दिवशी दलालाचा हात रुमालाखाली असताना मी त्या गाडीतला पुंजका उचलला, ओढून पाहिला आणि भर बाजारात बोलून गेलो, "काय देखणा कापूस आहे हो हा."

शेतकऱ्यानं हात झटकन बाहेर काढला. "पाहा, तुमचाच माणूस म्हणून राहिला." सौदा मोडला. दलाल माझ्याकडे वळला. "हा बाजार आहे, तुह्या बापाचा मंडप नाही. उद्यापासून येऊ नको."

शेजारी एक जपानी साहेब उभा होता. दर हंगामात आपल्या कंपनीसाठी रुई घ्यायला यायचा. हिंदी मोडकंतोडकं, पण माणूस मिश्कील. त्यानं मला हाक मारली. "तुम क्यों बोला?"

"साहब, रहा नहीं गया," मी म्हणालो. दुसरं कारणच नव्हतं.

तो मनापासून हसला. "हमारे मुल्क में इसको इकिगाई बोलता. जिसके वास्ते आदमी सुबह उठता." आणि दुसऱ्या दिवशी त्यानं मला गोदामावर बोलावलं.

तिथं मी कापूस पारखायला शिकलो. पुंजका दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा, तंतू काळ्या कापडावर ठेवून लांबी बघायची, चमक बघायची, ताण द्यायचा. नानांच्या तिसऱ्या हाकेला उठणारा मी, कोंबड्याच्या आधी मोर्णा ओलांडू लागलो. इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

अमरावतीला मात्र अर्धीच बातमी पोचली होती, पोराला हाकलल्याची. संक्रांत झाली आणि नाना स्टेशनावरून थेट बाजारात आले. कपाळाला गंध, खांद्यावर उपरणं.

"चाल. झाली तुही हौस."

"एवढ्या गाड्या पाहून येतो, नाना."

ते कडुनिंबाखाली उभे राहिले. गाडीवाले मला हाका मारत होते, "ओ भटजी, आमचा पाहा आधी." त्या हाका आपल्यालाच समजून नाना दोनदा वळलेले मी पाहिले. मग साहेब आला, त्यांच्यासमोर कमरेत वाकला. नानांनी सवयीनं आशीर्वाद दिला आणि विचारलं, "ये लडका इदर क्या करता?"

"कपास देखता तो इसका मुँह खिलता," साहेब म्हणाला. "इकिगाई."

नानांनी मला अर्थ विचारला. मी सांगितला. त्यांनी माझ्या हातातला पुंजका आपल्या तळहातावर घेतला.

"म्हंजे नेम," ते म्हणाले. "मी पहाटे संध्येले उठतो तसा. कापूस हा तुहा नेम आहे, हे मले कावून सांगितलं नाही?"

"मलाच ठाऊक नव्हतं, नाना."

त्याच संध्याकाळी मी त्यांना गाडीत बसवून दिलं. नाना एकटेच परत निघाले होते. मी वाकून नमस्कार केला तर त्यांचे डोळे भरलेले. "पोरगी देतात तसा दिला तुले अकोल्याले," ते म्हणाले. "आता नांद."

आणि मी नांदलो. आज या बाजारात नमुन्यावरून वाद पडला की गाडीवाला आणि खरेदीदार दोघंही म्हणतात, भटजीले विचारा. यजमान थोरल्या भावानं सांभाळले, माझ्याहून कितीतरी चांगले. नवरात्रात मी अमरावतीला जातो. आई ताटात आग्रहानं वाढते, मी दुपारी बिनघोर झोपतो, कुणी काम सांगत नाही. चौथ्या दिवशी हात शिवशिवायला लागतात आणि माझी चुळबुळ बघून आईच पिशवी भरायला घेते. निघताना आम्हा मायलेकांचे डोळे ओले होतात, दर वर्षी. घर कुठलं म्हणून कुणी विचारलं तर मी बेधडक अकोला सांगतो. पुरुषाला माहेर नसतं म्हणतात. मला आहे, ते अमरावतीला आहे.